पडलेला माणूस प्यायलेलाच असतो का?

रात्री मल्लेश्वरमच्या संपिगे रोडवर फूटपाथवर कुणी पडलेलं दिसलं, की तुम्ही काय करता? ‘बेवडा असेल’ म्हणत पुढे जाता ना? मीही तेच करायचे. शिवाय वाटायचं, पोलिसांना बोलावलं तर बिचारा महिनाभर आत जाईल.

तसं नाहीये. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५ सांगतं: सार्वजनिक ठिकाणी नशेत लोकांना त्रास दिला, तर जास्तीत जास्त २४ तास कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. (१८६० च्या जुन्या कायद्यात दंड होता १० रुपये!) कुणाला त्रास न देता नुसतं पडून राहणं यात बसत नाही.

आणि तो प्यायलेला नसेलच तर? रक्तातली साखर एकदम उतरली की मधुमेही माणूसही असाच अडखळतो, बरळतो, कोसळतो. ठाण्यात नेण्याआधी पोलिसांनी हेच बघायला हवं.

म्हणून ११२ लावा. बंगळुरूत पोलिसांची ‘होयसळ’ गाडी येते. माणूस हाकेला ओ देत नसेल तर १०८ ची रुग्णवाहिका मागा; सरकारी के. सी. जनरल हॉस्पिटल मल्लेश्वरममध्येच आहे. तोवर त्याला कुशीवर वळवा, उताणा असताना उलटी झाली तर श्वास अडकतो. लिंबूपाणी अजिबात पाजू नका.

आणि फोनवर ‘दारुडा पडलाय’ नको, ‘माणूस बेशुद्ध आहे’ असं सांगा.