विश्लेषण : समुद्री फिशटँकमधील ‘लाल शेवाळ’ अँटिबायोटिकने जाते, मग अडचण कुठे आहे?

काचेच्या टाकीत खारे पाणी, त्यात जिवंत प्रवाळ आणि रंगीत मासे. ‘रीफ टँक’ नावाचा हा छंद महागडा आहे आणि संयमाची परीक्षा पाहणाराही. बहुतेक छंदिष्टांच्या वाट्याला एक सकाळ येतेच, जेव्हा टाकीतल्या पांढऱ्या वाळूवर लालसर, मखमली, चिकट थर पसरलेला दिसतो. पाहता पाहता तो प्रवाळांवर चढतो. दुकानदार एक पुडी देतो, दोन दिवसांत टाकी लख्ख होते आणि काही आठवड्यांनी ये रे माझ्या मागल्या! या पुड्यांपैकी काहींमध्ये माणसांसाठी वापरले जाणारे अँटिबायोटिक असते. त्यामुळे हा प्रश्न आता केवळ टाकीपुरता उरलेला नाही.

अमेरिकेत नेमके काय घडले?

समुद्री मत्स्यालयांची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिकेत आहे. तेथील अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) डिसेंबर २०२३ मध्ये नऊ उत्पादक आणि वितरकांना इशारापत्रे पाठवली. शोभेचे मासे आणि पाळीव पक्षी यांच्यासाठी ही मंडळी विनापरवाना अँटिबायोटिक औषधे विकत होती. अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन यांसारखी ही औषधे माणसांच्या उपचारांतही महत्त्वाची आहेत आणि ती कोणत्याही चिठ्ठीविना ऑनलाइन मिळत होती. त्याआधी, जून २०२३ पासून, तेथे पशुधनासाठीची अशी औषधे पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवरच देण्याचा नियम पूर्णपणे लागू झाला होता. शोभेच्या माशांसाठी दुकानांत आणि ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या एकाही अँटिबायोटिकला मान्यता दिलेली नाही, असे एफडीएचे म्हणणे आहे. ही पत्रे ‘लाल शेवाळा’बद्दल नव्हती. मात्र त्या थरावर वापरले जाणारे एरिथ्रोमायसिन हेही याच प्रकारचे, माणसांच्या उपचारांतले औषध आहे.

‘लाल शेवाळ’ हे शेवाळ आहे का?

नाही. हा थर सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंचा असतो. जुन्या पुस्तकांत त्यांना नीलहरित शेवाळ म्हटले जाई. पृथ्वीच्या वातावरणात सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू साठू लागला, तो यांच्याच पूर्वजांमुळे. लाल रंग त्यांच्यातील एका रंगद्रव्यामुळे येतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : थर बोटाने सालीसारखा सोलून निघतो, दिवसा त्यात प्राणवायूचे बुडबुडे अडकलेले दिसतात आणि रात्री तो विरळ होतो. खडकावर घट्ट रुजलेले हिरवे केसाळ शेवाळ असे सोलून निघत नाही.

हा फरक महत्त्वाचा आहे. अँटिबायोटिक जिवाणूंवर काम करते. एरिथ्रोमायसिन जिवाणूंच्या पेशीतील प्रथिननिर्मिती थांबवते, म्हणून सायनोबॅक्टेरिया मरतात. तीच पुडी केसाळ शेवाळ, बुडबुड्यांसारखे ‘बबल’ शेवाळ किंवा तपकिरी डायनोफ्लॅजेलेट यांच्यावर टाकली, तर पैसे पाण्यात जातात. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत दिसणारी तपकिरी भुकटी तर डायटमची असते. पाण्यातील सिलिका संपली की बहुतेक वेळा ती आपोआप जाते. उपचाराआधी ओळख पटवणे हा अर्धा उपचार आहे.

तो वाढतो कशामुळे?

टाकीत रोज खाद्य पडते. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून अमोनिया तयार होतो, उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. खाद्यातूनच फॉस्फेटही येते. खुल्या समुद्रातील प्रवाळभिंतींवर नायट्रेट सहसा लिटरमागे एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. टाकीत मात्र ते साठत जाते, कारण तिथे वाहून नेणारा महासागर नसतो. शेवाळ आणि सायनोबॅक्टेरिया हे त्या साठ्याचे गिऱ्हाईक असतात. प्रवाह मंद असलेल्या कोपऱ्यात, जिथे कचरा बसतो, तिथे लाल थर आधी दिसतो.

नळाचे पाणी हे दुसरे कारण. भारतात पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. बोअरवेलचे असे पाणी माणसाला चालते, पण रीफ टँकमध्ये सामान्यतः २ ते १० मिलिग्रॅमची पातळी राखली जाते. म्हणजे पाणी बदलण्याच्या नावाखाली खतच ओतले जाऊ शकते.

इथे एक फसवी गोष्ट आहे. टाकी शेवाळाने भरलेली असताना टेस्ट किट नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य दाखवू शकते. कारण सुटलेले पोषण शेवाळाने तत्काळ गिळलेले असते. किट पाण्यातला शिल्लक साठा मोजते, शेवाळाच्या पोटात गेलेला नाही. सायनोबॅक्टेरियाच्या काही जाती तर पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायूही खत म्हणून वापरू शकतात. त्यामुळे नायट्रेट शून्यावर आणले तरी त्या तगून राहतात.

अँटिबायोटिकने नेमके काय होते?

थर मरतो, हे खरे. पण मेलेला थर टाकीतच कुजतो. कुजताना तो पाण्यातला प्राणवायू खातो आणि साठवलेले पोषण पुन्हा पाण्यात सोडतो. उपचाराच्या काळात मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकताना दिसले, तर कारण बहुतेकदा हेच असते. टाकीतील अमोनियाचे रूपांतर करणारी मंडळीही जिवाणूच आहेत. मात्रा चुकली तर त्यांना फटका बसू शकतो. आणि मूळ कारण, म्हणजे जास्तीचे खाद्य, मंद प्रवाह, दूषित पाणी, जागच्या जागी राहते. रोग आहे पोषणाच्या हिशेबात आणि औषध दिले जाते थराला. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणतात तो हा प्रकार.

टाकीबाहेर धोका कोणता?

उपचारानंतर टाकीतील पाव हिस्सा पाणी बदलले जाते. औषध मिसळलेले ते पाणी मोरीत, तिथून गटारात जाते. औषधाचे अंश जिवाणूंच्या वस्तीत पोहोचले की ज्यांच्यावर औषध चालत नाही ते जिवाणू टिकतात आणि वाढतात. हाच प्रतिजैविक प्रतिरोध. २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा प्रतिरोधक जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. शेती, पशुपालन आणि रुग्णालयांच्या तुलनेत फिशटँकचा वाटा नगण्य असेल. पण बिनचिठ्ठीच्या विक्रीची वाट उघडी राहते, ही खरी अडचण आहे. माशांसाठीच्या गोळ्या काही लोक स्वतःच घेतात, हेही अमेरिकेत उघड झाले आहे. शिवाय वाळू स्वच्छ दिसावी एवढ्याच कारणासाठी माणसाचे औषध वापरावे का, हा प्रश्न उरतोच.

मग करायचे काय?

अनुभवी छंदिष्ट आणि सार्वजनिक मत्स्यालये ज्या क्रमाने जातात, तो क्रम साधारण असा आहे. आधी हाताने काढणे : पाणी बदलताना बारीक नळीने लाल थर ओढून घ्यायचा, केसाळ शेवाळ खडकावरून उपटायचे. यात पोषण थराबरोबरच टाकीबाहेर जाते, म्हणून मारण्यापेक्षा काढणे केव्हाही चांगले. मग आवक कमी करणे : खाद्य मोजून द्यायचे, गोठवलेले खाद्य गाळून त्याचे पाणी फेकायचे आणि भर घालण्यासाठी आरओ-डीआय फिल्टरचे, टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारे पाणीच वापरायचे. साध्या घरगुती आरओचे पाणी तितके शुद्ध नसते.

त्यानंतर जावक वाढवणे : फेसातून घाण बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर नीट चालतो का ते पाहायचे. शेजारच्या छोट्या टाकीत कीटोमॉर्फा हे निरुपद्रवी शेवाळ वाढवून वेळोवेळी कापून टाकायचे. फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे वापरायचे, पण हळूहळू, कारण पातळी झटक्यात घसरली तर प्रवाळच फिके पडतात. चौथी गोष्ट चरणारे जीव. टर्बो आणि ट्रोकस जातीच्या गोगलगायी, टँग मासे, सी-अर्चिन हे केसाळ शेवाळ फस्त करतात. लाल थर मात्र फारसे कुणी खात नाही. तिथे पंपाची दिशा बदलून प्रवाह वाढवणे उपयोगी पडते. तीन दिवस दिवे बंद ठेवण्याचा उपायही आहे. प्रवाळ तेवढा अंधार सहसा सोसतात.

एवढे करूनही थर प्रवाळांचा गळा घोटत असेल, तरच रसायन, तेही माशांची जाण असलेल्या पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, हवेचा पंप सुरू ठेवून आणि नंतर पाणी बदलून. खडक उकळून शेवाळ मारण्याचा ‘देशी’ उपाय मात्र कधीही करू नये. झोअँथिड जातीच्या काही प्रवाळसदृश जीवांत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. ते वाफेबरोबर घरभर पसरून माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत.

पाणी एकदम शुद्ध केले तर?

तेही महागात पडते. शेवाळाच्या धास्तीने नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणलेल्या टाक्यांत डायनोफ्लॅजेलेटचे तपकिरी, शेंबडासारखे धागे माजतात. स्पर्धक उपाशी मेल्यामुळे त्यांना मोकळे रान मिळते. त्यांतील काही विषारी असतात आणि त्यांना खाणाऱ्या गोगलगायी मरतात. इथे उपाय उलटा असतो : थोडे पोषण परत वाढवायचे, आणि ज्या जाती रात्री पाण्यात तरंगतात त्यांच्यावर अतिनील दिव्याचा फिल्टर वापरायचा. म्हणजे ध्येय ‘शून्य’ हे नसून तोल हे आहे.

खऱ्या समुद्रातही हेच घडते का?

हवाई बेटांवरील कानेओहे उपसागर हे याचे ठळक उदाहरण. तिथे सांडपाणी सोडले जाई आणि बबल शेवाळाच्या एका जातीने प्रवाळ झाकून टाकले होते. १९७७-७८ मध्ये सांडपाणी खोल समुद्राकडे वळवल्यावर पुढच्या काही वर्षांत ते शेवाळ घटले. मात्र प्रयोगासाठी १९७० च्या दशकात आणलेल्या कप्पाफायकस या परदेशी शेवाळाने नंतर तेथील प्रवाळांवर पथारी पसरली. त्यावर औषध फवारले गेले नाही. पाणबुड्यांनी शेवाळ उपटून ‘सुपर सकर’ नावाच्या मोठ्या पंपाने तराफ्यावर ओढले आणि ते शेतकऱ्यांना खतासाठी दिले. २०११ पासून प्रयोगशाळेत वाढवलेले सी-अर्चिन लाखोंच्या संख्येने सोडले जात आहेत. आवक थांबवा, हाताने काढा, चरणारे सोडा : टाकीचाच क्रम.

चरणारे नाहीसे झाले तर काय होते, हे कॅरिबियनने पाहिले. १९८३-८४ मध्ये साथीने तेथील काळे सी-अर्चिन ९० टक्क्यांहून अधिक मेले. शेवाळ खाणारे मासे आधीच अतिमासेमारीने संपत आले होते. वादळांचा मारही बसला. जमैकातील प्रवाळांचे आच्छादन ५० टक्क्यांवरून पाच टक्क्यांखाली आले आणि जागा शेवाळाने घेतली. भारतातही कप्पाफायकसने २००८ च्या सुमारास तमिळनाडूतील मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाजवळचे प्रवाळ वेढल्याचे आढळले होते.

भारतातील छंदिष्टांसाठी काय?

पहिली गोष्ट कायद्याची. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. मालवण किंवा अंदमानच्या किनाऱ्यावरून ‘खडकाचा तुकडा’ उचलून आणणे हा गंभीर गुन्हा ठरू शकतो. दुसरी गोष्ट टाकी रिकामी करण्याची. शेवाळ, खडक, जीव यांतले काहीही खाडीत किंवा समुद्रात सोडू नये. भूमध्य समुद्रात १९८४ मध्ये मोनॅकोजवळ आढळलेले कॉलेर्पा हे मत्स्यालयातले शेवाळ पुढे हजारो हेक्टर समुद्रतळावर पसरले. कॅलिफोर्नियात तेच शेवाळ २००० मध्ये सापडताच ताडपत्रीखाली क्लोरिन सोडून संपवावे लागले आणि ते पूर्ण गेल्याचे जाहीर व्हायला २००६ उजाडले.

तिसरी गोष्ट पुडीची. लेबलवर घटक लिहिलेले नसतील, तर ती टाकीत जाऊ नये. लाल थर दिसला की पहिला प्रश्न ‘काय टाकू?’ हा नसून ‘काय जास्त पडते आहे?’ हा असायला हवा. त्याचे उत्तर सापडायला पुडीपेक्षा जास्त दिवस लागतात, पण त्यानंतर पुडी लागत नाही.