जुन्या संगणकाचा हिशेब

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज 10’ या प्रणालीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबविल्या आणि शाळा-महाविद्यालयांच्या कार्यालयांपुढे एक प्रश्न येऊन उभा राहिला : जुने संगणक सुधारून घ्यावेत की मोडीत काढावेत? वस्तुतः त्या दिवशी या निर्णयामुळे एकही यंत्र बंद पडले नाही. ज्या संगणकावर तेरा तारखेला वेतनदेयके तयार झाली, त्यावरच ती पंधरा तारखेलाही होऊ शकत होती. परंतु ‘विंडोज 11’ साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सुविधा आणि, यंत्र इंटेलचे असल्यास, सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. 2017 च्या आरंभी घेतलेला, सुस्थितीत चालणारा संगणकही या अटीत बसत नाही. यंत्र झिजण्यापूर्वीच त्याला वृद्ध ठरविण्याचा हा प्रकार होय.

निर्णय घेताना पहिली चूक होते ती जुन्या किमतीकडे पाहण्याची. “पन्नास हजारांना घेतलेला संगणक असा कसा टाकायचा?” हा प्रश्न स्वाभाविक असला तरी अर्थशास्त्राच्या दृष्टीने निरर्थक आहे. ते पन्नास हजार खर्च झाले. यंत्र ठेवले काय वा टाकले काय, ते परत येणार नाहीत. उलट बाजूची चूकही तितकीच प्रचलित आहे. आयकराच्या नियमांप्रमाणे संगणकावर दरसाल 40 टक्के घसारा धरला, तर पाच वर्षांनी त्या पन्नास हजारांचे कागदोपत्री मूल्य सुमारे 3,900 रुपये उरते. एवढ्यावरून यंत्राची उपयुक्तताही तेवढीच उरली असे मानणे म्हणजे जमाखर्चाच्या सोयीला वस्तुस्थिती समजणे. जॉर्ज टरबर्ग यांनी 1949 साली यंत्रबदलाविषयीच्या आपल्या ग्रंथात जुन्या यंत्रास बचाव करणारा आणि नव्यास आव्हान देणारा अशी नावे दिली. या दोघांतील सामना भूतकाळावर लढविला जात नाही. पुढील तीन-चार वर्षांत कोण कमी खर्चात तेच काम करील, एवढाच त्यातला प्रश्न असतो.

आता काम कोणते, हे पाहावे. पत्रव्यवहार, प्रवेशअर्ज, गुणपत्रके, क्वचित एखादे सादरीकरण! या कामांत संगणक मंद वाटतो तो बहुधा प्रोसेसरमुळे नव्हे, तर हार्डडिस्कमुळे. मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्याला 8 मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. विखुरलेली माहिती शोधताना अशी डिस्क सेकंदास जेमतेम शंभर वेळा हात पोचवू शकते. फिरता भाग नसलेली एसएसडी तेच काम हजारो वेळा करते. म्हणूनच चार जीबी मेमरी आणि जुनी हार्डडिस्क असलेल्या यंत्रास एसएसडी आणि आठ जीबी मेमरी दिली, की लिपिकास ते नवेच वाटू लागते. रोज सकाळी यंत्र सुरू होण्यात दहा मिनिटे जात असतील, तर 250 दिवसांत सुमारे 42 तास, म्हणजे सात तासांचा दिवस धरल्यास कामाचे सहा दिवस वाया जातात. ही किंमत कोणत्याही देयकात दिसत नाही, आणि काटकसरीच्या नावाखाली दुरुस्ती पुढे ढकलणाऱ्यांना तर ती मुळीच दिसत नाही.

कित्येकदा तर एवढ्याचीही गरज नसते. घड्याळ मागे गेले, तारीख भलतीच दिसू लागली आणि संकेतस्थळे उघडेनाशी झाली, की ‘संगणक गेला’ असा निकाल दिला जातो. अनेकदा मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपलेला असतो, इतकेच.

तथापि सुधारणेस मर्यादा आहे, आणि ती ओळखणे महत्त्वाचे. प्रोसेसर नव्या पिढीचा घ्यायचा तर मदरबोर्ड बदलावा लागतो. मदरबोर्ड बदलला की डीडीआर 3 प्रकारची जुनी मेमरी नव्या खाचेत बसत नाही. मग वीजपुरवठ्याच्या पेटीविषयी शंका येते. अशा रीतीने दुरुस्तीच्या नावाने नवा संगणकच हप्त्याहप्त्याने, तोही महाग, विकत घेतला जातो. एसएसडी आणि मेमरी यांपाशी थांबावे. यांपैकी एसएसडी तर उद्या दुसऱ्या यंत्रातही चालते, म्हणून तिच्यावरील खर्च बुडत नाही. थांबले की भाव उतरतात हा जुना आडाखाही आता भरवशाचा राहिलेला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्याने 2025 च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव चढले. कपॅसिटर फुगलेल्या यंत्रावर मात्र एक रुपयाही घालू नये.

राहिला सुरक्षा-दुरुस्त्यांचा प्रश्न. येथे शैक्षणिक संस्थांच्या हाती एक सवलत आहे, जिची चर्चा आश्चर्यकारकपणे कमी झाली. विंडोज 10 साठी वाढीव दुरुस्त्यांचा दर मायक्रोसॉफ्टने शैक्षणिक संस्थांकरिता संगणकामागे पहिल्या वर्षी 1, दुसऱ्या वर्षी 2 आणि तिसऱ्या वर्षी 4 डॉलर असा जाहीर केला. व्यापारी संस्थांसाठी पहिल्याच वर्षी तो 61 डॉलर होता. म्हणजे सात डॉलरांत ऑक्टोबर 2028 पर्यंतची मुदत मिळते. दुसरा मार्ग लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीचा. केरळमधील शाळांनी तो मोठ्या प्रमाणावर स्वीकारला आहे, आणि विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेसाठी तो उत्तमच. कार्यालयात मात्र तो वाटतो तितका फुकट नाही. युनिकोडपूर्वीच्या मराठी फाँटांत जतन केलेली वर्षानुवर्षांची पत्रे, विंडोजवरच चालणारे हिशेबाचे कार्यक्रम आणि एका कळफलकाची सवय झालेले लिपिकांचे हात यांचीही किंमत धरावी लागते.

इतके स्पष्ट गणित असूनही चांगली यंत्रे कोपऱ्यात धूळ खात पडतात, याचे कारण तांत्रिक नाही. अनुदान मिळते ते बहुधा अनावर्ती खर्चासाठी, म्हणजे नव्या खरेदीसाठी, आणि तेही 31 मार्चपूर्वी संपविण्याच्या अटीवर. दुरुस्ती हा आवर्ती खर्च. त्यासाठी किरकोळ खर्चाच्या तुटपुंज्या तरतुदीकडे हात पसरावा लागतो. मग दोन हजारांच्या एसएसडीसाठी तीन स्मरणपत्रे जातात आणि वीस नव्या संगणकांची निविदा मात्र एका बैठकीत मंजूर होते. या व्यवस्थेत प्राचार्य वा लिपिक उधळे नसतात. समोर ज्या शीर्षाखाली पैसा आहे, त्या शीर्षाखाली ते खर्च करतात. खरेदीच्या प्रत्येक अनुदानातील ठरावीक हिस्सा जुन्या यंत्रांच्या सुधारणेवर खर्च करण्याची मुभा दिली, तर नव्या पैशाविना कितीतरी प्रयोगशाळा भरतील. दोन विद्यार्थ्यांना एका पडद्यासमोर बसविण्याची पाळी मग कमी येईल.

तोवर निदान जडवस्तू संग्रह नोंदवहीतून संगणक निर्लेखित करण्यापूर्वी त्याचे झाकण उघडून पाहण्याचा दंडक असावा. हार्डडिस्क, मेमरी, सेल आणि वीजपुरवठा या चार भागांची नोंद निर्लेखनाच्या प्रस्तावास जोडावी. त्यानंतरही जे यंत्र उरणार नाही, त्यातील विद्यार्थ्यांची माहिती पुसून ते 2022 च्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत केंद्राकडे द्यावे, भंगाराच्या हातगाडीवर नव्हे.