दारू सोडलेल्याने बसायचे कुठे?

वऱ्हाडात 'बसणे' या शब्दाला दिवस मावळला की वेगळाच अर्थ येतो. कापसाचे चुकारे हाती आले की बसायचे, पोळ्याच्या करीला बसायचे, लग्न जुळले की बसायचे आणि मोडले तरी बसायचेच. व्यसनमुक्ती केंद्रात महिना काढून अमरावतीला किंवा अकोल्याला परतलेल्या माणसाची खरी परीक्षा इथे सुरू होते. दारू अंगातून गेलेली असते, पण चौक तोच, मित्र तेच, आणि संध्याकाळचे सात रोज वाजतात. त्या वेळी कुठे जायचे, हे त्याला बहुतेकदा कोणी सांगितलेले नसते.

याचे एक उत्तर १९३५ पासून आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक भेटले, दोघेही दारूने पुरते बुडालेले. एका पिणाऱ्याने दुसऱ्याशी मोकळेपणी बोलत राहिले की पिण्याची ओढ आवरता येते, एवढेच त्यांना उमगले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस', म्हणजे ए.ए., उभी राहिली. तिची सभा साधारण तास-दीड तासाची असते. फी नाही, आडनाव सांगावे लागत नाही. खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो, बाहेरची देणगी घेतली जात नाही. दारू सोडण्याची इच्छा ही एकच अट. बोलायचे नसेल तर ऐकत बसावे. जन्मभराची शपथही कोणी घ्यायला लावत नाही. आजचा दिवस प्यायचे नाही, उद्याचे उद्या.

चारचौघांत दारूविषयी बोलणे वऱ्हाडाला नवे नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायीच गेले, आणि पुढे बाबा कीर्तनात समोरच्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्याकडून उत्तर वदवून घेत. गटात फरक इतकाच की तिथे कीर्तनकार नसतो. बोलणारा आणि ऐकणारा, दोघांनीही घरातली भांडी विकलेली असू शकतात.

याचा उपयोग होतो का? २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि सुमारे साडेदहा हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासली. ए.ए.शी पद्धतशीर जोडून दिलेल्यांपैकी वर्षानंतर सुमारे ४२ टक्के पूर्ण कोरडे होते. इतर उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. ही जादू नव्हे. पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी हा फरक लहानही नाही. यातला महत्त्वाचा शब्द 'जोडून दिलेल्या' हा आहे. नुसते 'गटात जात जा' म्हणणे आणि वार, वेळ, पत्ता हातात देऊन सोबत पाठवणे यात अंतर आहे.

आडवी येते ती लाज. 'कोणी पाहिले तर?' हा प्रश्न ज्याला पडतो, त्याला नालीकाठी पडलेले अर्ध्या गावाने आधीच पाहिलेले असते, हे कोणी त्याच्या तोंडावर म्हणत नाही. तरी लाज खोटी नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर ती कैक पटींनी जड असते. त्यावरचा साधा तोडगा म्हणजे पहिल्या काही सभा दुसऱ्या गावात गाठणे. अकोल्याच्या माणसाने अमरावतीकडे यावे, अमरावतीकराने अकोल्याची गाडी धरावी. काही जण देवाचा उल्लेख ऐकून बिचकतात. ए.ए.च्या पायऱ्यांत तो आहे, पण देव न मानणारे गटालाच आधार मानून वर्षानुवर्षे येतात.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद करून थेट सभेत जाऊ नये. हातपाय थरथरणे, झटके, दोन-तीन दिवसांनी भ्रम होणे, हे जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टर, मग गट. आणि घरच्यांनी भाजीत गुपचूप गोळी मिसळण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. डायसल्फिरामसारख्या औषधावर नकळत दारू प्यायल्यास माणूस दगावू शकतो. घरच्यांसाठी अल-अनॉन हे वेगळे गट असतात. पुण्याच्या मुक्तांगणनेही पत्नींसाठी 'सहचरी' गट चालवला आहे. नवरा तयार नसला तरी बायकोने जायला हरकत नाही.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळतो. म्हणून अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय यांच्या बाह्यरुग्ण विभागांत जवळच्या गटांचे वार आणि वेळा ठळक लावलेल्या असाव्यात. खासगी केंद्रांनी रुग्णाला घरी सोडताना कागदावर औषधांच्या खाली पहिल्या सभेची तारीख लिहावी. याला वेगळा निधी लागत नाही. तोवर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलिमानसची सेवा विनामूल्य आहे. सभेची जागा बदलते, त्यामुळे निघण्याआधी फोन करून खात्री करावी. पहिल्या दिवशी दहा मिनिटे आधी पोचावे, दाराजवळची खुर्ची धरली तरी चालते, आणि निघताना एका तरी जुन्या सदस्याचा नंबर घ्यावा. करीच्या संध्याकाळी तो लावता येतो.