कुजण्याची बाजू

मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना गेली अनेक वर्षे एक वाक्य आम्हांला हमखास भेटते : 'समाजमनाला बुरशी लागली आहे.' समाजमनाच्या जागी कधी व्यवस्था येते, कधी विचार, कधी संस्कृती. बुरशी मात्र कायम. आम्हीही प्रतिमेचा एक गुण देऊन पुढे जात आलो. त्या एका गुणाची फेरतपासणी करावी, असे आता वाटू लागले आहे.

निमित्त घडले ते खाडीचे. वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना ओहोटीच्या वेळी खारफुटीत नेले, तेव्हा आम्हीही सोबत गेलो. चिखलातून वर आलेली तिवरांची श्वासमुळे, पायाखाली काळा गाळ आणि सडक्या अंड्यासारखा वास. आमच्यापैकी एकाने नाकाला रुमाल लावून 'दलदल' म्हटले; वर्गात आम्ही हा शब्द ज्या अर्थाने वापरतो त्याच अर्थाने. सहकाऱ्यांनी गाळातले एक अर्धवट कुजलेले पान तळहातावर घेतले आणि म्हणाले, "हे इथले अन्न."

त्यानंतर विचारून, वाचून जे समजले ते असे. खारफुटीचे ताजे पान फार थोड्या प्राण्यांना मानवते. त्यात टॅनिन भरपूर आणि नायट्रोजन कमी. पान गळून चिखलात पडले की जिवाणू आणि बुरशी त्यात शिरतात. लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन फोडणे फार थोड्या जीवांना जमते आणि त्यांत बुरशी अग्रेसर आहे. तिचे तंतू पान पोखरत जातात तसतसे ते पान अधिक पौष्टिक होते. ओडम आणि हील्ड या अभ्यासकांनी १९७०च्या दशकात फ्लोरिडातील खारफुटीत दाखवून दिले, की खाडीतल्या जीवांची अन्नसाखळी मोठ्या प्रमाणावर अशा कुजक्या पानांवर उभी असते. म्हणजे आपल्या ताटातल्या कोळंबीपर्यंत या कुजण्याचा धागा येऊन पोचतो.

ही बुरशी राहते तरी कशी, हेही पाहण्याजोगे आहे. खाऱ्या पाण्याने पेशीतले पाणी ओढून घेऊ नये म्हणून ती ग्लिसरॉलसारखी द्रव्ये साठवते. काही जातींच्या बीजाणूंना बारीक शेपट्या असतात; भरतीच्या पाण्यात वाहताना त्यांच्या आधाराने ते एखाद्या ओंडक्याला चिकटतात. बहुतेक बुरशीला प्राणवायू लागतो आणि या गाळात तो पृष्ठभागाखाली लगेचच संपतो. म्हणून ती वरच्या थरात, खेकड्यांच्या बिळांच्या कडेने आणि मुळांभोवती वस्ती करते. श्वासमुळांवाटे झाड हवा खाली नेते. त्यातली थोडी या शेजाऱ्यांनाही मिळते. त्याखालच्या थरांत कुजणे मंदावते आणि म्हणूनच शेकडो वर्षांचा कर्ब तिथे साठून राहतो. वर कुजणे आणि खाली राखणे, अशी दोन्ही कामे एकाच चिखलात चालतात.

क्वीन्सलँडमधील खारफुटीच्या मुळांवरील बुरशीची नोंद क्रिब दांपत्याने १९५५ साली केली. आपल्याकडे गोव्यात, दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, शेषगिरी आणि चंद्रलता रघुकुमार यांनी सागरी बुरशीच्या अभ्यासाला अनेक वर्षे दिली. मराठी विश्वकोशात 'कवक' या शब्दाखाली या सृष्टीची ओळख आहे. आमच्या वाङ्मयीन निबंधांत मात्र ती शिवीच राहिली.

कोणी म्हणेल, प्रतिमा म्हणजे विज्ञान नव्हे. मान्य. पण मराठीला हे ज्ञान नव्हते असेही नाही. नासणे, सडणे, कुजणे, आंबणे, मुरणे या क्रियापदांत किती बारीक भेद आहेत! शेतकरी खत 'कुजवतो', आणि 'चांगले कुजलेले शेणखत' ही त्याच्या तोंडी प्रशंसा असते. हे भेद स्वयंपाकघराने आणि शेताने जपले; समीक्षेने ते सपाट करून एकाच घाणीत जमा केले. आमचा आक्षेप या आळसाला आहे.

या आळसाची किंमत पडते. 'दलदल' म्हणून ज्या जागेची ओळख झाली, तिथे भराव टाकताना कोणाला हळहळ वाटत नाही. खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरचा घाला आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटले. त्याच न्यायालयाने २०२२ साली बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार खारफुटीची झाडे तोडण्यास परवानगी दिली. त्या बदल्यात पाचपट रोपे लावण्याची हमी देण्यात आली होती. प्रकल्पाच्या गरजेविषयी मतभेद असू शकतात. आम्ही एवढेच विचारतो, की हा हिशेब झाडांचाच का? रोपे मोजता येतात. पण नव्या जागेच्या गाळात कुजवणारी ती वस्ती कधी आणि कितपत रुजते, हे पाचपटीच्या आकड्यातून कळत नाही. ज्याला आपल्या भाषेत आदराचे नाव नाही, ते नुकसानीच्या यादीतही सहजासहजी येत नाही.

न्यायालयात आमचा काही अधिकार नाही. उत्तरपत्रिकेवर थोडासा आहे. ते वाक्य यंदाही येईल. गुण आम्ही देऊ, पण समासात एक प्रश्न लिहू : बुरशी लागली आहे हे खरे, पण ती तिथे काय करीत आहे?