फोन जातो, पण येत नाही

माधवनगरात आमचे घर आणि पेढी एकाच छताखाली आहे. काही वर्षांपूर्वी तांब्याच्या तारेचा जुना फोन काढून आम्ही इंटरनेटवर चालणारा फोन बसवला. बसवणाऱ्याने आमच्यासमोर एक नंबर फिरवून दाखवला, बोलणे स्वच्छ ऐकू आले आणि आम्ही सही करून दिली. आमची चूक झाली ती तिथेच.

रमजानच्या आधीचा हंगाम होता. इचलकरंजीचे एक जुने व्यापारी समक्ष दारात आले आणि म्हणाले, "शेठ, आठ दिवस फोन लावतोय. बाकी द्यायला वेळ हवा असेल तर तसे सांगा, फोन कशाला बंद ठेवता?" आम्ही थक्क झालो. आमच्या फोनवरून तर दिवसभर बोलणी चालू होती! ज्याच्याकडे बाकी असते तोच फोन टाळतो, असा बाजाराचा समज आहे. पैसे आम्ही त्याच दिवशी दिले, पण त्या आठ दिवसांत आमच्या पतीला लागलेला डाग पैशाने धुतला गेला नाही.

दोष कुठे होता? या फोनचा डबा ठरावीक वेळाने कंपनीच्या यंत्राकडे आपली हजेरी लावतो: मी अमुक पत्त्यावर आहे, माझे फोन इकडे पाठवा. त्या डब्याच्या आणि बाहेरच्या जगाच्या मध्ये राउटर असतो, पहारेकऱ्यासारखा. आतून कोणी बाहेर गेले की तो दार उघडतो. थोडा वेळ ये-जा झाली नाही की लावून घेतो. म्हणून बाहेर जाणारा फोन नेहमी लागतो, आणि येणारा बंद दारावरून परत जातो. आमच्या मुलाने वायफायसाठी कंपनीच्या राउटरमागे दुसरा राउटर जोडला होता आणि फोनचा डबा त्या दुसऱ्याला लावला होता. एकाऐवजी दोन पहारेकरी झाले.

व्यापारी बंधूंनी पुढील तपासणी स्वतः करावी. इंग्रजी माहितीपुस्तक वाचता आले नाही तरी हे जमते.

प्रथम दुसऱ्याच्या मोबाइलवरून आपल्या नंबरला फोन लावा आणि त्याला काय ऐकू येते ते ऐका. त्याच्याकडे घंटा वाजते, पण आपल्याकडे सामसूम असेल, तर फोन दुसरीकडे वळवलेला आहे, माडीवरच्या दुसऱ्या यंत्रावर जातो आहे किंवा घंटेचा आवाज बंद आहे. लगेच 'व्यस्त' येत असेल तर रिसीव्हर नीट ठेवला आहे का, 'त्रास देऊ नका' ही सोय चालू राहिली आहे का, ते पाहा. 'संपर्क होऊ शकत नाही' असे ऐकू आले तर बहुधा हजेरी तुटली आहे. डब्यावरचा फोनचा दिवा तपासा.

मग डबा बंद करून चालू करा. लगेच फोन येऊ लागले आणि काही मिनिटांनी पुन्हा थांबले, तर दोष बहुधा त्या पहारेकऱ्याचा समजावा. फोनचा डबा सरळ कंपनीच्या राउटरला जोडा. राउटरमध्ये 'सिप एएलजी' नावाची सोय असते. ती मदतीसाठी असली तरी अनेकदा अडथळा करते, ती बंद करून पाहा. डब्यातली 'कीप अलाइव्ह' ही सोय मात्र चालू ठेवा, म्हणजे दार उघडे राहील. आमचे काम एवढ्यानेच झाले.

विजेचेही ध्यानात ठेवावे. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून तारेनेच मिळत असे, म्हणून घरात अंधार असला तरी घंटा वाजे. नवा डबा घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की फोन गेला. डबा आणि राउटर यांच्यासाठी छोटी बॅटरी ठेवणे हा खर्च नव्हे, धंद्याचे कुंपण आहे.

येणाऱ्या फोनची ही चिंता जुनी आहे. अमेरिकेत अल्मन स्ट्राउजर नावाचा अंत्यविधीचे सामान पुरवणारा व्यावसायिक होता. आपली गिऱ्हाइके टेलिफोनवरून प्रतिस्पर्ध्याकडे वळवली जातात अशी त्याची तक्रार होती, असे सांगतात. त्याने माणसाशिवाय फोन जोडणारे यंत्रच काढले आणि 1891 साली त्याचे पेटंट मिळवले.

आपल्याला यंत्र काढायचे नाही, फक्त हट्ट धरायचा आहे. फोन बसवणाऱ्याने नंबर फिरवून दाखवला म्हणून सही करू नका. बाहेरून आलेला फोन घ्या, अर्ध्या तासाने पुन्हा एक घ्या, मगच सही करा. बिघाड सुटला नाही तर तक्रार क्रमांक मागून वहीत लिहून ठेवा. 2012 च्या नियमांप्रमाणे हा क्रमांक आपला हक्क आहे आणि त्याच्या आधारे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते.

दुकान उघडल्यावर आपण तराजू तपासतो, गल्ला पाहतो. त्यासोबत मोबाइलवरून एक फोन आपल्याच पेढीला लावावा. जाणारा फोन आपल्या गरजेचा असतो. येणारा फोन म्हणजे दारात आलेले गिऱ्हाईक. त्याला दार बंद दिसता कामा नये.