मैत्रीतली बरोबरी

हौशी खेळाडूंच्या मैत्रीच्या डावात एक शिष्टाचार रूढ आहे. पटावर मोजके मोहरे उरले की एकाने हसून बरोबरी सुचवायची आणि दुसऱ्याने ती स्वीकारायची. आमच्या मते हा शिष्टाचार खेळाचा अवमान आहे आणि मैत्रीचाही.

एक परिचित स्थिती पाहू. पांढऱ्याकडे राजा, हत्ती आणि पाचव्या ओळीवर पोचलेले एक प्यादे. काळ्याकडे राजा आणि हत्ती. काळा राजा प्याद्याची वाट अडवून उभा आहे. फ्रेंच संगीतकार फिलिडोर याने १७७७ साली या स्थितीतला बचाव दाखवून दिला. काळ्याने हत्ती सहाव्या ओळीवर रोखून धरायचा, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे येता येत नाही. प्यादे त्या ओळीवर सरकले, की हत्ती तडक पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचे. प्यादे पुढे गेल्यामुळे राजाचा आडोसा गेलेला असतो.

निकाल बरोबरीचाच. सात मोहऱ्यांपर्यंतच्या अंत्यडावांचे निकाल आज संगणकाच्या कोष्टकांत बांधलेलेच आहेत. मग झुंजायचे कशासाठी? कारण निकाल कोष्टकाला ठाऊक असतो. काळ्या बाजूने बसलेल्या मित्राला तो शोधावा लागतो. घाबरून त्याने हत्ती वेळेआधीच हलवला तर जिंकता न येणारा डावही हरता येतो. पांढऱ्याने शेवटपर्यंत नेट लावला तरच काळ्याला आपला बचाव किती पक्का आहे हे कळते. सौजन्याने दिलेली बरोबरी त्याच्यापासून हेच ज्ञान हिरावून घेते.

मराठी समीक्षेत ही सौजन्याची बरोबरी फार झाली आहे. मित्राच्या संग्रहावर मित्राने लिहायचे, दोन गुण सांगायचे, एक किरकोळ उणीव नोंदवायची आणि हात मिळवायचा. संग्रह सकस असेल तर त्याचेच यात अधिक नुकसान होते. त्याचे बळ कोणी तपासलेलेच नसते. कठोर वाचनाने मैत्री तुटते असे म्हणणाऱ्यांनी दोन तास एका प्याद्यासाठी झगडून मग एकत्र चहाला जाणारे खेळाडू पाहावेत. त्यांनी एकमेकांना काही बहाल केलेले नसते, म्हणूनच उद्या पुन्हा पट मांडावासा वाटतो.