झुडपी म्हणजे रिकामी?

मागच्या महिन्यात एका सत्काराच्या कार्यक्रमात एका जाणत्या वक्त्यांचं भाषण ऐकलं. ते अजून डोक्यातून जात नाही. भाषण मुद्देसूद होतं, टाळ्याही भरपूर पडल्या. त्यांचं म्हणणं असं: झुडपी जंगल ही जुन्या कारकुनांनी दप्तरात करून ठेवलेली चूक आहे. तिथे ना सागवान, ना वाघ. बोरी-बाभळी आणि मोकाट ढोरं, एवढंच. असल्या रिकाम्या जागेपायी विदर्भ मागे राहिला. जे सगळ्यांचं ते कुणाचंच नसतं, म्हणून ते नासतं. ज्याच्यात धमक आहे त्याला ती जागा देऊन टाकावी. आणि आजकाल ढोरं पाळतो कोण, नाटकं बघायला मैदानात जातो कोण, हातात मोबाइल आहे की.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीत राहतो. विकास कसा दिसतो हे आम्हाला बाहेरून येऊन कुणी सांगायची गरज नाही. १९७३ साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यानंतरच्या तीन पिढ्या या गावाने कोळशावर काढल्या आहेत. त्या कोळशाने आमच्या पोरांना नोकऱ्या दिल्या, हे मी नाकारत नाही. पण त्याच कोळशापायी गावाभोवती ओबीचे, म्हणजे खाणीतून उपसलेल्या मातीचे, ढिगारे उभे राहिले. लहानपणी सपाट जमीन होती तिथे आता मातीचे डोंगर आहेत. पळसाच्या पानावर बोट फिरवलं तर बोट काळं होतं. श्रावणात तरोट्याची भाजी आणली तर तीनदा धुवावी लागते, आणि पहिल्या दोन पाण्यांचा रंग शाईसारखा असतो. एवढं सगळं दिल्यावर उरलेल्या चार झुडपांकडे बोट दाखवून कुणी ‘रिकामी जागा’ म्हणालं, की माझं डोकं फिरतं.

या ‘रिकामी’ शब्दाशीच माझं खरं भांडण आहे. रिकामी कुणासाठी? ज्याच्या खात्यात त्या जागेतून पैसा जमा होत नाही त्याच्यासाठी. सकाळी आठच्या सुमारास आखरावर येऊन उभं राहा. घराघरातून गायी, गोऱ्हे, म्हशी, बकऱ्या सुटतात, आखरावर जमतात, आणि ढोरकी गोहण घेऊन झुडपाकडे निघतो. पूर्वीपेक्षा गोहण लहान झाली आहे, खरं आहे. पण ती लहान का झाली? चरायला जागा उरली नाही म्हणून. आधी चराई बुजवायची आणि मग ढोरं पाळतो कोण म्हणून विचारायचं, हा कुठला न्याय? ज्याच्याकडे एकरभरही शेती नाही, त्याच्या दोन बकऱ्या म्हणजे त्याची बँक असते. पोराची फी, बायकोचं औषधपाणी त्या बकऱ्यांतून निघतं. त्या बकऱ्या कुणाच्या शेतात चरत नाहीत. त्या तुमच्या ‘निरुपयोगी’ झुडपात चरतात.

आमच्या मागच्या गल्लीतली एक आजी हिवाळ्यात सिंदीची पानं कापून आणते. अंगणात बसून, पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून, पान चिरून, एकेक काडी घट्ट ओढत ती फडा, म्हणजे झाडू, बांधते. हाताला काटे रुततात, ती ते दातांनी काढते आणि पुढचं पान घेते. तिला मी त्या भाषणाबद्दल सांगितलं. ती म्हणाली, “बापू, जागा रिकामी थोडीच आहे? मंग हे सिंद कोठून येते? चुलीचं सरपन कोठून येते?” एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली. या प्रश्नाला त्या भाषणात उत्तर नव्हतं, कारण त्या भाषणात ही आजीच नव्हती. पावसाळ्यात सात्या, उन्हाळ्यात मोहाची फुलं आणि तेंदूची पानं, पोरांना बोरं आणि येरोण्या. यातल्या निम्म्या गोष्टी बाजारात येत नाहीत, म्हणून उत्पन्नाच्या कुठल्याही आकड्यात धरल्या जात नाहीत. जे मोजलं नाही ते नाहीच, असं धरून चालणारा हिशेब मला मान्य नाही.

आणि ही कारकुनाची चूक कशी? आमचा भाग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. निस्ताराची पद्धत तिकडचीच. गावाने चराई कुठे करायची, सरपण कुठून आणायचं, मुरूम कुठून काढायचा, प्रेत कुठे न्यायचं, हे लिहून ठेवायची ती रीत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली तरी निस्तार गेला नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही कलम १६१ खाली निस्तार पत्रक आहे. ते पत्रक म्हणजे बिनजमिनीच्या माणसाचा सातबारा. खाणीसाठी जमीन गेली तेव्हा ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला मोबदला मिळाला, कुणाला नोकरी मिळाली. गोहणीच्या नावावर सातबारा नव्हता. ढोरकी मोबदल्याच्या रांगेत कधी उभाच राहू शकला नाही.

न्यायालयाने विदर्भाचे हात बांधले, हाही त्यांचा मुद्दा. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल वनच धरायचं असं सांगितलं. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतली ही जागा ८६ हजार हेक्टरांवर आहे. पण १२ डिसेंबर १९९६ च्या आधी ज्या जागा वाटल्या गेल्या, त्यांच्यासाठी केंद्राकडे मंजुरी मागायची वाट त्याच निकालाने मोकळी ठेवली, हे भाषणात आलं नाही. वर्षानुवर्षं तिथे घर करून राहणाऱ्या गरिबांची काळजी मलाही आहे, त्यांना उठवू नये. राहिला शाळा-दवाखान्याचा प्रश्न. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता, पाण्याची टाकी अशा कामांना एक हेक्टरपर्यंत वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. म्हणजे शाळेचं नाव पुढे करायचं कारण नाही. ज्यांना एक हेक्टरात भागत नाही, त्यांनी आपल्याला काय हवं आहे ते उघड सांगावं.

उत्पन्न बुडतं ही रड तर जुनीच. २०१५ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली तेव्हा हेच गळे महसूल बुडाला म्हणून दाटून आले होते. २०२१ मध्ये बंदी उठली. बंदीच्या काळात चोरटी दारू वाहिली, हे मी माझ्या गल्लीत पाहिलं आहे. पण रात्री मार खाणाऱ्या बाईचा हिशेब त्या वादात कुणी विचारला नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, तिथल्या बायकांनी ती लढून मिळवली आणि टिकवली. पैशात मोजता येतं तेवढंच खरं, हे तेव्हाही चूक होतं आणि आजही चूकच आहे.

नाटकाबद्दल एवढंच. आमच्याकडे वर्धेच्या काठाला झाडीपट्टीइतकं नाटकाचं वेड नाही, पण वडसा-देसाईगंजकडे दिवाळीनंतर रात्र रात्र नाटकं चालतात, हजारो माणसं थंडीत चादर पांघरून पहाटेपर्यंत बसतात. २०२३ मध्ये त्याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. ती माणसं मोबाइल खिशात ठेवूनच तिथे जातात. मैदानावरच्या शंकरपटाचंही तेच: त्यावर २०१४ मध्ये बंदी आली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने बैलांच्या शर्यतींना मान्यता दिली. पट भरवायचा तर धावपट्टी लागते, ती पडद्यावर मावत नाही. आणि पोळा? आखर गेला तर तोरण कुठे बांधायचं? झडत्या कुठे म्हणायच्या?

सगळ्यांचं ते कुणाचंच नसतं, या वाक्यावर सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या. चंद्रपूर-गडचिरोलीत बसून हे बोलायला धाडस लागतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने सगळ्यांच्या संमतीने निर्णय घेत ते जंगल सांभाळलं, स्वतःचा बांबू स्वतः विकला. आमच्याच जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाला २०१२ मध्ये हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. तेंदूपानासाठी झाडं छाटावी लागतात, जंगलाला आगी लागतात, म्हणून त्या गावाने तेंदूचं हातात येणारं उत्पन्न आपणहून सोडलं. २००९ मध्येच एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही सामायिक साधनं लोक स्वतः नियम करून कशी टिकवतात, याच अभ्यासाला. जागा नासते ती सगळ्यांची असते म्हणून नाही. सांभाळायचा अधिकार गावाकडून काढून घेतला की ती नासते.

माजरी म्हणजे मेंढा नाही, हे मला कळतं. आमच्याकडे बांबू नाही, गाव निम्मं खाणीचं, निम्मं रेल्वेचं, माणसं दहा ठिकाणांहून आलेली. एकमत होणं कठीण आहे. पण निस्तार पत्रकात काय लिहिलं आहे ते तरी गावाला माहीत हवं. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ते मोठ्याने वाचून दाखवावं आणि त्यातली प्रत्येक जागा नकाशावर दाखवावी, असा अर्ज मी लिहिला आहे. आतापर्यंत अकरा सह्या झाल्या आहेत. त्यांत दोन ढोरकी आहेत, आणि आजीचा अंगठा आहे.